शिगेचं माप

विजयमालाबाईंच्या अनारशाचं साकोलीत एवढं नाव होतं, की एरवी त्यांच्याकडे पाहून मान फिरवणाऱ्या बायकासुद्धा अधिक महिना जवळ आला की वाकडी वाट करून त्यांच्या दारावरून जात आणि "काकू, तब्येत बरी हाये न?" असं विचारत. तब्येतीची ही चौकशी तीन वर्षांतून एकदा होई. विजयमालाबाई तिचा अर्थ बरोबर लावत. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यावे लागतात, आणि फुटके अनारसे दिले तर जावई काही बोलत नाही, त्याची आई बोलते.

माप विचारलं तर त्या लपवत नसत. "एक शेर पीठ, एक शेर गूळ. आनखी काय रायते त्यात?" असं सरळ सांगत. बाई खूश होऊन घरी जाई, तीन दिवस तांदूळ भिजवी, सावलीत सुकवी, दळी, गुळात मळून गोळे आठवडाभर डब्यात ठेवी. आणि कढईत सोडला की अनारसा हसे. हसे म्हणजे तुपात विरघळून त्याची जाळी जाळी होऊन तळाला बसे. मग ती बाई पुन्हा येई, पडेल चेहऱ्याने. "काकू, तुमच्या हातालेच यश हाये." विजयमालाबाई म्हणत, "हाताचंच असते ते." आणि पदर खोचून तिच्या घरी जात.

हाताचं होतं ते खरंच, पण यश नव्हतं, शीग होती. त्यांचे वडील हिरालाल धान्याचे व्यापारी. शेतकऱ्याचं धान मापून घेताना ते शिगेचं माप घ्यायचे, म्हणजे मापाच्या काठावर जेवढी रास उभी राहील तेवढी उभी करून. विकताना मात्र पट्टी फिरवून ती रास कापायचे. माप एकच, दोन्ही वेळा देवाची शपथ घेता येईल असं. मधली शीग तेवढी घरात राहायची. तिच्यावर दोन मजले चढले आणि तीन मुलींची लग्नं झाली. पितळी शेर धाकट्या मुलीने, विजयमालाने, सासरी आणला आणि त्याबरोबर ती रीतही आणली. पीठ शिगेचं घ्यायचं, गूळ सपाट घ्यायचा, आणि सांगताना दोन्ही नुसते 'शेर' सांगायचे. बत्तीस वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, मोतीलालना, सांगून उपयोगच नव्हता. त्यांना खायचं तेवढं कळे.

सून मोनिकाला सांगायचं मात्र त्यांनी ठरवलं होतं. हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

मोनिका करडी गावची, धान पिकवणाऱ्या घरातली. भूषणशी लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. पंधरा दिवसांचा बेकरीचा वर्ग करून तिने मागच्या टिनाच्या खोलीत ओव्हन लावला होता, आणि वाढदिवसाचे केक, नानकटाई असं करता करता बचत गटातल्या चार बायका जोडीला घेतल्या होत्या. तिच्याकडे एक इलेक्ट्रिक काटा होता, ताटलीएवढा. त्याच्यावर ती मीठसुद्धा तोलून घेई. विजयमालाबाईंना ते हसू येण्यासारखं वाटे. "हिच्या घरी चिमूट नाही भेटत का वो?" असं त्या शेजारी विचारत.

या अधिक महिन्याला भंडाऱ्याचा केटरर घनश्याम घरी आला आणि चाळीस जावयांची ऑर्डर टाकून गेला. चाळीस गुणिले तेहतीस, तेराशे वीस अनारसे. एकटीच्या हाताचं हे काम नव्हतं. मोनिका म्हणाली, "आई, तुमच्या शेराचे ग्राम काढू, अन् ग्रामाच्या वाट्या. शकुनमावशी, रुखमिणी, साऱ्या आपापल्या घरी पीठ मळतीन. काटा एकच हाये, पर वाट्या साऱ्याइकडं हायेत."

"काढू न," विजयमालाबाई म्हणाल्या. त्या रात्रीपर्यंत सांगायचा विचार पक्का होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनिका मागच्या दारात फोनवर शकुनबाईशी बोलत होती. विजयमालाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. फोनवरचं बोलणं बुडू नये म्हणून त्यांनी पाणी अगदी बारीक धारेने घातलं.

"एकदा ग्राम हाती आले न मावशी," मोनिका म्हणत होती, "की मंग आईले कायले उठवाचं? त्या बसतीन आरामात."

तिने हे चांगल्या मनाने म्हटलं, यात शंका नाही. सासूचे गुडघे तिला माहीत होते. पण चांगल्या मनाने म्हटलेलं कानात शिरता शिरता काय होईल याचा भरवसा नसतो. विजयमालाबाईंनी लोटा खाली ठेवला. कढईशी अडलेल्या बाईने हाक मारावी आणि आपण पदर खोचत उठावं, एवढंच एक काम त्यांना उरलं होतं. दुकान भूषण पाहत होता, स्वयंपाक मोनिका करत होती, टीव्ही मोतीलाल पाहत होते. आता ही हाकसुद्धा आकड्यात उतरवून वहीत बंद होणार होती.

दुपारी पीठ, गूळ, शेर आणि काटा असा सगळा संसार ओट्यावर मांडला गेला.

"तुमी करता तसंच करा जी. मी फक्त लिहून घेतो," मोनिका म्हणाली.

विजयमालाबाईंनी परातीतलं ओलसर पीठ शेरात भरलं. सवयीने पिठाचा डोंगर उभा राहिला, आणि त्यांचा हात त्याला वरून थोपटायला उचलला गेला. तेवढ्यात मोनिकाने स्टीलची पट्टी उचलली.

"कापू न जी?"

एका श्वासाएवढा वेळ गेला. एवढ्यात माणूस पुष्कळ काही ठरवू शकतो.

"काप," विजयमालाबाई म्हणाल्या.

पट्टी फिरली. डोंगर परातीत पडला. काट्याने पाचशे बावीस दाखवले. मग सपाट शेर गूळ. तो सहाशे सतरा भरला. मोनिकाने पेन्सिल कानावर अडकवली.

"आई, हे कसं काय? माप एक अन् वजन अलग?"

"गूळ जड रायते, बाई. पीठ भुसभुशीत. तुले बेकरीवाल्याइनं शिकवलं नाही का?"

"ते शिकवलं. पर मोबाईलवर त वजनानं सम-सम सांगतेत. गूळ इतका जास्त होनार नाही न?"

"मंग मोबाईललेच ईचार. मले कायले ईचारून राहिली?"

मोनिका हसली. "नाही जी. तुमचं माप तेच खरं." आणि तिने लिहून टाकलं. पुढचा तासभर ती वाट्या भरत होती, पट्टी फिरवत होती, तोलत होती. पिठाची वाटी एकशे दहा, गुळाची एकशे तीस. पावणेपाच वाट्यांचा शेर. तुपाची वाटी, खसखशीचा चमचा, सगळ्याचा तक्ता करून तिने टिनाच्या खोलीत भिंतीवर चिकटवला. बायकांनी त्याचे फोटो काढून नेले. त्यातल्या एकीलाही काही खटकलं नाही. त्यांच्या आयांना विजयमालाबाईंनी हेच माप सांगितलं होतं.

अनारशाची एक खोड आहे, तो लगेच बोलत नाही. चूक आज केली तर तिचा जाब आठवड्याने कढईत मिळतो. विजयमालाबाईंनी तो आठवडा फुकट घालवला नाही. त्या काही दुष्ट नव्हत्या. ऑर्डर बुडावी असं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. त्यांना फक्त बुडायला आलेली ऑर्डर तारायची होती. चार बायकांनी मिळून अठरा शेर पीठ घेतलं होतं. अठरा शेरांच्या अठरा शिगा राहिल्या. चार शिगांचा एक शेर होतो, हे त्यांना वडिलांच्या ओट्यावर खेळताना पाठ झालं होतं. म्हणजे साडेचार शेर पीठ कमी. तेवढ्याचे तांदूळ त्यांनी तळायच्या चार दिवस आधी आपल्या खोलीत भिजवले.

"कायले भिजवून राहिली वो?" मोतीलाल म्हणाले. "तिकडं त निरे तांदूळच तांदूळ हायेत."

"धिरड्याले."

"इतके? पलटन येऊन राहिली का जेवाले?"

"तुमी टीव्ही पाहा."

त्यांनी रोज पाणी बदललं, तांदूळ जुन्या लुगड्यावर बाजेखाली सुकवले, मिक्सरवर थोडे थोडे करून दळले, चाळले, आणि पीठ पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलं. गोळ्यात ऐन वेळी कोरडं पीठ घातलं तर चालत नाही, असंच ओलसर लागतं. सगळा विचार केलेला होता.

तळायचा दिवस उजाडला. घनश्यामची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती. टिनाच्या खोलीत दोन कढया चढल्या. विजयमालाबाईंनी आंघोळ करून धुतलेलं पातळ नेसलं, चष्मा पुसला आणि आपल्या खोलीत येऊन बसल्या. दार त्यांनी लावलं नाही, नुसतं अर्धवट ओढून ठेवलं. हाक ऐकू आली पाहिजे.

आधी बायकांची बडबड ऐकू आली. मग तुपाचा चर्र असा आवाज. आणि मग शकुनबाईचा आवाज, वीज पडल्यासारखा: "अवो बाई, हसला!"

"दुसरा टाक. आच कमी कर." हा मोनिकाचा.

"हाही हसला!"

"माह्याही गोळ्याचं तेच हाये वो," रुखमिणी रडकुंडीला आली होती. "वाट्या त बरोबर घेतल्या होत्या. देवाची आन."

विजयमालाबाईंनी पदर खोचला. त्या उठल्या, दाराकडे पाठ करून बाजेखालून डबा ओढला आणि शेवटची खात्री करून घ्यायला पीठ शेराने मोजून वर्तमानपत्रावर ओतू लागल्या. एक. दोन. तीन. चार. अर्धा. बरोबर. पहिलं वाक्यही त्यांनी ठरवून ठेवलं होतं: "सरका, पाहू द्या." पुढचं त्या वेळेला सुचलं असतं.

त्यांनी पीठ परत डब्यात भरलं आणि वाट पाहिली. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. हाक आली नाही. टिनाच्या खोलीत कुजबुज झाली, भांडी सरकली, ओव्हनचं दार लागल्याचा आवाज आला. मग एक वास आला. गूळ, तूप आणि खसखस, पण तळल्याचा नाही. भाजल्याचा, खमंग, गल्लीत जाईल असा. आणि त्याच्या मागोमाग बायकांचं हसणं.

पाण्याचं निमित्त करून त्या मागे गेल्या. ओट्यावर काळे पत्रे मांडलेले होते, आणि त्यांच्यावर लालसर, पातळ, जाळीदार चकत्या. गूळ जास्त झालेलं पीठ तुपात पसरायचं ते पत्र्यावर पसरलं होतं, आणि तिथेच कडक होऊन बसलं होतं.

"काकू, पाहा न!" शकुनबाई ओरडली. "हसून राहिला होता, तुमच्या सुनेनं पत्र्यावर निजवला त्याले!"

मोनिकाने एक चकती उलथण्याने सोडवून ताटलीत ठेवली आणि सासूपुढे केली. विजयमालाबाईंनी तोंडात घातली. कुर्रकन मोडली आणि विरघळली. बत्तीस वर्षांत त्यांनी केलेल्या कुठल्याही अनारशापेक्षा ती वाईट नव्हती. खोटं का बोला, चांगलीच होती.

"जमलं," त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी घनश्याम आला. आधी त्याने कपाळाला हात लावला, मग एक खाल्ली, मग उभ्या उभ्या चार खाल्ल्या.

"भाभीजी, हे त बढिया काम झालं! आताचे जावई तुपाचं पाहून भेते. शुगर, बीपी, पोट. अन् तुमचा तळलेला डब्यात तूप सोडते, त्याचं भांडण माह्या डोक्शावर येते. हे सोडत नाही. मले आनखी साठ जावयाचं द्या." मग त्याने विजयमालाबाईंकडे पाहिलं. "काकूचं माप हाये म्हणते. डब्यावर काकूचंच नाव टाका. जुन्या नावाले गिऱ्हाइक हाये."

"त्याइचंच टाकनार हावो," मोनिका म्हणाली.

मोतीलाल दारात उभे राहून चकती खात होते. ते म्हणाले, "म्हंजे आता इचं नाव भंडाऱ्याले पोचलं म्हना. इले तेवढं घरी राहू दे."

सगळे हसले. विजयमालाबाईही हसल्या, थोड्या उशिराने.

डब्यातलं पीठ तिसऱ्या दिवशी आंबलं. त्याचा वास खोलीभर झाला, तेव्हा मोनिका झाडू घेऊन आली आणि काही न विचारता तिने बाजेखालून डबा ओढून बाहेर काढला. कुठे आहे ते तिला शोधावं लागलं नाही.

"धिरड्याचं होतं," विजयमालाबाई म्हणाल्या. "राहून गेलं."

मोनिकाने झाकण उघडलं, पाहिलं, परत लावलं. मग जमिनीवर मांडी घातली.

"साडेचार शेर," ती म्हणाली.

विजयमालाबाई चष्मा पुसू लागल्या.

"मी आली होती, आई. पहिला हसला, दुसरा हसला, मी शकुनमावशीले म्हटलं, थांबा, आईले बोलावतो. तुमच्या दारात आली होती. तुमी पाठमोऱ्या बसून मोजून राहिल्या होत्या. मी तिथंच उभी राहिली. तुमी मोजेपर्यंत."

"मंग हाक काहून नाही मारली?"

"काय म्हणून मारू?" मोनिकाचा आवाज चढला नाही. "इसरल्या असत्या त मी मानलं असतं. माणूस इसरते. पर इसरणारा माणूस हिशोबानं तांदूळ भिजवत नाही. मी ईचारलं होतं तुमाले. पट्टी हातात धरून ईचारलं, कापू का म्हणून."

"तुले शीग समजते, मले माहीत नव्हतं."

"आमाले नाही समजनार त कोनाले समजनार जी? शीग घेनाऱ्यापरीस देनाऱ्याले जास्त समजते. माहा आजा मरेपर्यंत सांगत होता, यंदा किती पोते शिगेत गेले. म्हणून मी काटा घेतला. मले वाटलं, घरात तरी..." तिने वाक्य सोडून दिलं आणि झाडू उचलला. "पर तुमी घरातल्यालेही गिऱ्हाइकाचंच माप दिलं."

विजयमालाबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. हाकेचं, गुडघ्यांचं, फोनवर ऐकलेल्या त्या 'आरामाचं'. हे सगळं आठवडाभर त्यांच्या मनात किती मोठं होतं. आता तोंडाशी आणलं तेव्हा ते सांगण्याजोगं राहिलं नव्हतं.

"खरं माप लिहून घे," त्या शेवटी म्हणाल्या. "पीठ शिगेचं. थोपटून. मी दाखवतो."

"आता नोको, आई. आता शीग घातली त चकती पसरत नाही. साठ जावयाचं बिघडन." मोनिका डबा घेऊन उभी राहिली. "भूषणले सांगतलं नाही मी. बाबांलेही नाही. सांगनारही नाही."

हे तिने धीर द्यायला म्हटलं असेल. पण विजयमालाबाई व्यापाऱ्याची मुलगी होत्या. न सांगणं हे काय भावाने जातं ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या दिवसापासून घरात त्यांना चहा पहिला मिळू लागला. "आई, बसा," "आई, उचलू नोका," हे बोलणं दुप्पट झालं. शेजारच्या बायका म्हणत, नशीबवान आहात, अशी सून मिळायला. अधिक महिना संपत आला तरी त्यांच्या तब्येतीची चौकशी कुणी केली नाही. सगळ्या परस्पर मागच्या दाराने डबे नेत होत्या, आणि प्रत्येक डब्यावर लाल अक्षरात विजयमाला लिहिलेलं होतं.

साठ जावयांची गाडी यायच्या दिवशी रुखमिणी आली नाही. तिच्या मुलाला ताप होता. टिनाच्या खोलीत धावपळ चालली होती. विजयमालाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ कुणाचं लक्ष गेलं नाही.

"मले काही सांगत जा," त्या म्हणाल्या. "बसून बसून आंग दुखते."

शकुनबाईने मोनिकाकडे पाहिलं. मोनिकाने क्षणभर विचार केला आणि एक पाट पुढे सरकवला.

"डबे भरा. एका डब्यात तेहतीस."

त्या बसल्या. चकत्या थंड होत्या, हाताला कोरड्या लागत होत्या. एकेक उचलून त्यांनी डब्यात गोल लावली, मनात नव्हे तर हलक्या आवाजात मोजत, म्हणजे ऐकू जावं. एकतीस, बत्तीस, तेहतीस. पहिला डबा त्यांनी पुढे केला.

मोनिकाने तो घेतला, काट्यावर ठेवला, आकडा पाहिला, आणि मग झाकण लावलं.

"दुसरा द्या, आई," ती म्हणाली, आणि काटा पुसून पुन्हा शून्यावर आणला.